तिवरावरची अळी आणि एक पिवळी चिठ्ठी

शमीमआपा,

तुमच्या निधनाची बातमी मी लिहिली नाही. डेस्कवरून निरोप आला होता: पंधरा ओळी, एक कॉलम फोटो. जन्मगाव, शिक्षण, तुर्भ्याच्या रंगांच्या कारखान्यातली लॅबची नोकरी, निवृत्ती, मागे कोण. सगळी माहिती माझ्याकडे होती. ती मी दुसऱ्या सहकाऱ्याला दिली आणि त्याने ती बिनचूक लिहिली. आजाराचं नाव त्यात नव्हतं. ते तुम्ही दोन वेगवेगळ्या ठिकाणी तपासून घेतलं होतं, कारण एकाच रिपोर्टवर तुमचा विश्वास बसत नसे. दोन्ही रिपोर्ट जुळले तेव्हा जिन्यात मला म्हणाला होतात, "चला, नाव तरी पक्कं झालं."

दफनानंतर तिसऱ्या दिवशी तुमची नाझनीन दोन मजले उतरून माझ्या दारात आली. एका हातात प्लास्टिकचा पारदर्शक डबा होता. डब्याच्या तोंडावर जुन्या ओढणीचा तुकडा, त्याला रबर. दुसऱ्या हातात तुमची वही.

"अम्मीनं सांगून ठेवलं होतं, हे बातमीदाराकडे द्यायचं," ती म्हणाली. "आत एक अजून खातेय. रोज ताजं पान लागेल."

डब्यावर पिवळी चिठ्ठी होती. अक्षर तुमचंच, शेवटच्या आठवड्यातलं, ओळ सोडून खाली उतरणारं: 'बोनकोडे खाडी. तिवर. अळ्या दोन, एक काळी, एक हिरवी पट्ट्यांची. आणणारा: हिराजी. नाव:' आणि नावापुढे नुसती रेघ. वही उघडली तर मधल्या पानावर माझ्या एका बातमीचं कात्रण चिकटवलेलं. त्यावरही पिवळी चिठ्ठी. ती चार वर्षांपूर्वीची. तुम्ही ती कधीच काढली नाहीत.

या दोन चिठ्ठ्यांचा संबंध तुम्हाला ठाऊक आहे. तरी क्रमाने लिहितो. क्रम चुकलेला तुम्हाला चालत नसे.

कारखान्याच्या लॅबमध्ये बाहेरून आलेल्या प्रत्येक ड्रमवर आधी पिवळी चिठ्ठी लागते. तिचा अर्थ होल्ड. तपासणी होऊन निकाल बरोबर आला की हिरवी. नापास झाला तर लाल. तुम्ही निवृत्त झालात तेव्हा सहकाऱ्यांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं. तुम्ही वर पिवळ्या आणि हिरव्या चिठ्ठ्यांचं एकेक बंडल मागून घेतलंत. लाल नको म्हणालात. "अळी नापास होत नाही रे. आपण होतो."

आपल्या सोसायटीत तुमचा हा उद्योग सर्वांना माहीत होता. गॅलरीत डब्यांची रांग, प्रत्येकात कुठल्याशा झाडाचं पान आणि त्यावर एक सुरवंट. पतंगांचा नाद तुम्हाला कसा लागला हे मी अनेकदा विचारलं आणि दर वेळी वेगळं उत्तर मिळालं. नियम मात्र एकच होता. अळी पाहून नाव सांगायचं नाही. तिला तिचं पान द्यायचं, कोशात जाऊ द्यायचं, आणि पतंग बाहेर आल्यावरच हिरव्या चिठ्ठीवर नाव लिहायचं.

आता माझी बातमी.

चार वर्षांपूर्वी गणपती गेले आणि आठवडाभरात खाडीकाठची तिवरं तपकिरी झाली. खाडीसमोरच्या एका टॉवरमधून फोन आला: कोणीतरी रसायन टाकून झाडं मारतंय. मी दुपारी गेलो. रस्त्यावरून पाहिलं. एका मत्स्यतळ्याच्या बांधावर निळा ड्रम होता, कडेवरून ओघळलेला काळा द्रव. फोटो काढला, परत आलो, संध्याकाळपर्यंत बातमी दिली. ती नवी मुंबईच्या पुरवणीत पहिल्या पानावर, खालच्या भागात तीन कॉलम लागली. मथळ्यात 'तिवरांवर विषप्रयोग?' असं होतं. शेवटच्या परिच्छेदात 'बोनकोड्याच्या एका तळेवाल्याकडे संशयाची सुई' असं होतं. ते वाक्य माझं होतं, डेस्कचं नव्हे.

सकाळी साडेसातला तुम्ही दारात होतात. पेपर गुंडाळलेला, लाटणं धरावं तसा.

"काय बातमीदार, कुठलं रसायन?"

"आपा, या. चहा ठेवतो."

"चहा नंतर. रसायनाचं नाव सांग."

"ते तपासात कळेल."

"मग तपासाआधी छापलंस कसं?"

"मथळ्यात प्रश्नचिन्ह आहे."

तुम्ही चष्मा कपाळावर ढकलून पेपर डोळ्यांजवळ नेलात. "हो की. आहे. पण प्रश्नचिन्ह म्हणजे होल्ड नव्हे. होल्डवरचा माल गेटच्या बाहेर जात नाही."

त्या रविवारी ओहोटीच्या वेळेला तुम्ही मला त्याच बांधावर नेलंत. तळ्याचा मालक हिराजी तिथे नव्हता. माझ्या बातमीवरून जबाब द्यायला त्याला बोलावलं होतं. तुम्ही म्हणालात, "मत देऊ नकोस. दिसतं ते सांग."

"झाडं तपकिरी आहेत."

"पानं तपकिरी, की पानंच नाहीत?"

मी जवळ गेलो. पानं नव्हती. देठ होते, मधल्या शिरा होत्या.

"रसायनानं झाड मरतं तेव्हा पान झाडावरच करपतं. इथे कोणीतरी जेवून गेलंय." मग शेजारचं झाड दाखवलंत. कांदळ, हिरवंगार, त्याच चिखलात उभं. "विषाला झाडाझाडातला फरक कळत नाही. अळीला कळतो."

त्यानंतर सगळं दिसू लागलं, आधीही ते तिथेच होतं. उरलेल्या पानांच्या कडा दुमडून धाग्याने चिकटवलेल्या. दुमडीत दीड इंचाची काळी अळी, बाजूंना फिक्या रेघा. खालच्या चिखलावर मोहरीएवढी काळी विष्ठा, सडा घातल्यासारखी. फांद्यांवरून धाग्याला लोंबणाऱ्या अळ्या, आणि त्या टिपायला जमलेल्या साळुंक्या. रस्त्यावरून मला साळुंक्या दिसल्या होत्या. त्या का जमल्यात हा प्रश्न पडला नव्हता.

एका पानात हिरवी, पट्ट्यांची अळी निघाली. मी म्हणालो, "ही दुसऱ्या जातीची."

"कशावरून?"

"रंगावरून."

"काल तू पांढऱ्या शर्टात होतास, आज निळ्या. माणूस बदलला?" मग दोन्ही रंगांच्या मिळून सात अळ्या डब्यात गेल्या. "गर्दीत वाढल्या की काळ्या पडतात असं म्हणतात. म्हणतात. आपण बघू."

"आपा, नाव सांगा ना. उद्याच दुसरी बातमी देतो."

"तीन आठवडे थांब."

"तीन आठवड्यांनी बातमी शिळी होते."

"तो तुमच्या धंद्याचा प्रॉब्लेम आहे. अळीचा नाही."

आपल्या भांडणाची सुरुवात तिथे झाली आणि ते तुम्ही जाईपर्यंत चाललं. माझी बाजू मी तेव्हाही ठामपणे मांडत असे. रोजच्या पेपरला रोज छापावं लागतं. सगळं पक्कं झाल्यावरच छापायचं म्हटलं तर फक्त पंचांग छापता येईल. आजही यातलं बरंचसं मला मान्य आहे. पण त्या दिवशी मी घाईने छापलं म्हणून चुकलो नव्हतो. बांधावर चाळीस पावलं चालत गेलो नाही, ड्रमच्या मालकाला काही विचारलं नाही, म्हणून चुकलो. हे मला लवकरच कळलं होतं. तुम्हाला ते कधी सांगितलं नाही.

डब्यातल्या सातही अळ्या कोशात गेल्या. पंधराव्या दिवसापासून पतंग निघू लागले. तुम्ही मला खाली फोन केलात: "ये. वाळकं पान दाखवते." जाळीला खरोखरच वाळकं पान चिकटलं होतं. तपकिरी, त्रिकोणी, पंख छपरासारखे मिटलेले, तोंड पुढे टोकदार. तुम्ही गवताच्या काडीने त्याला हलकेच ढोसलंत. पुढचे पंख उचलले गेले आणि खालून काळ्यावर नारिंगी रंग उजळला. अळी काळी असो की हिरवी, सातही पतंग तसेच निघाले. तेव्हा कुठे तुम्ही हिरवी चिठ्ठी घेतलीत आणि लिहिलंत: हायब्लिया प्युएरा. सागाची पानं खाणारा म्हणून जो बदनाम आहे, तोच. मी विचारलं, "पहिल्याच दिवशी माहीत होतं ना तुम्हाला?"

"वाटत होतं," तुम्ही म्हणालात. "वाटणं वेगळ्या डब्यात ठेवते मी."

तोवर खाडीवरच्या तिवरांना नवी पालवी फुटली होती. ज्यांना मी मेलेली म्हटलं होतं त्यातलं एकही झाड मेलं नव्हतं. हिराजीच्या तळ्याचं तसं नव्हतं. चौकशी चालू असताना भरतीचं पाणी आत घेणारी त्याची उघाडी नऊ दिवस बंद ठेवायला लावली होती. ताजं पाणी नाही म्हणून हातभर वाढलेले जिताडे उलटे होऊन तरंगले. हे तुम्हीच मला सांगितलंत. मी त्याचीही बातमी केली नाही.

खुलासा छापून आला. आतल्या पानावर, जाहीर नोटिसांच्या खाली, चार ओळी: तिवरे कीटकांमुळे सुकली असावीत, असे जाणकारांचे म्हणणे आहे. तुम्ही ते कात्रणही आणलंत.

"असावीत? सात पतंग बघितलेस ना?"

"आपा, ती भाषा तशीच असते."

"हिराजीचं नाव कुठंय यात?"

"नाव बातमीतही नव्हतं."

"'बोनकोड्याचा तळेवाला' होतं. बोनकोड्यात तळी किती?"

"एक."

"मग?"

मी म्हणालो, खुलासा छापला, विषय संपला. तुम्ही वाद घातला नाहीत. माझी मूळ बातमी वहीत चिकटवलीत आणि तिच्यावर पिवळी चिठ्ठी लावलीत. त्यानंतर चार वर्षं, जिन्यात, पार्किंगमध्ये, दूधवाल्यासमोर तुमचं एकच सांगणं असे: "चिठ्ठी अजून पिवळीच आहे हं, बातमीदार." आवाजात राग नसे. ड्रम गोदामात पडून आहे याची आठवण द्यावी, तसं. मी हसून पुढे जात असे. दरम्यान तुम्ही माझ्याशी बोलणं थांबवलं नाहीत, ईदला शीरखुर्मा पाठवणं थांबवलं नाहीत, आणि माझ्या इतर बातम्यांमधल्या चुका पेन्सिलीने गोल करून दाराखालून सरकवणंही थांबवलं नाहीत. नव्या बातमीदारांना मी हल्ली पहिल्या दिवशी सांगतो: मत देऊ नका, दिसतं ते सांगा. हे कुणाकडून घेतलं, ते मात्र सांगत नसे.

आता गेले अठरा दिवस.

डबा आला तेव्हा काळी अळी कोशात गेली होती. हिरवी खात होती. तिला तिवराचं कोवळं पान हवं होतं आणि बांधावरून हात पोचेल असं तिवर आपल्या बाजूला एकाच ठिकाणी आहे. मी आधी जेट्टीच्या बाजूने प्रयत्न केला. गुडघाभर चिखल. दुसऱ्या सकाळी बांधावर गेलो. डोक्याला टॉवेल बांधलेला साठीचा माणूस उघाडीची फळी उचलत होता. त्याने मान वर केली.

"कोन हाय?"

"शमीमआपांचा शेजारी."

"पेपरवाला." ते विचारणं नव्हतं.

"हो."

"पानं कोनाला पायजेत?"

"त्यांच्या अळीला. तुम्ही आणलेल्या."

हिराजी फळी सोडून जवळ आले. माझ्या हातातलं पान काढून पाण्यात टाकलं. "ह्ये निबर हाय. ती नाय खाची. शेंड्याचं घे, कवलं." स्वतःच एक डहाळी तोडून दिली. आणि परत फळीकडे गेले.

तिसऱ्या सकाळी बोलले. "आपा दर सालाला येवाची. बांधावं बसून चा पियाची. इचाराची, हिराजी, औंदा कवा दिसली पयली अळी? मी सांगाचो, ती लिवाची. शेवटी तिला येता नाय आलं, तवा मीच दोन घेऊन गेलो." उघाडीची फळी खाली सोडली. मग, "त्या ड्रममधी काय व्हतं, इचारलंस कदी?"

"नाही."

"डांबर. होरीला लावाचं. नुस्ता वास घेतला असतास तरी कललं असतं. तू फोटू काडलास न गेलास."

"हो. तसंच केलं."

"नाक्यावं मना अजून इषवाला बोलतान. मस्करीत. पन बोलतान."

मी खिशातली वही काढून ते लिहून घेतलं. त्यांच्या शब्दांत, त्यांच्यासमोर. चार वर्षांपूर्वी एवढंच करायचं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी हिरवी अळी पान दुमडून आत गेली. आता वाट पाहणंच उरलं होतं. आणि इथे, आपा, मी पुन्हा तेच केलं. आमच्या धंद्यात निकालाआधी मथळे करून ठेवतात, माणूस जिवंत असताना त्याचा मृत्युलेख तयार ठेवतात. मी तुमच्या वहीत खोचलेल्या बंडलातली हिरवी चिठ्ठी घेतली, तिच्यावर सुवाच्य अक्षरात हायब्लिया प्युएरा लिहिलं आणि डब्याशेजारी ठेवली. काय निघणार ते मला माहीतच होतं.

चार दिवसांनी पहिल्या कोशातून माशी निघाली. काळी, बारीक कंबरेची, लांब मिशांची. अळी लहान असतानाच तिच्यात अशाच एका माशीने अंडं घातलं होतं. त्यातून निघालेल्या हिने पतंग आतून खाल्ला आणि ती कोशाला भोक पाडून बाहेर आली. जाळीवर बसून ती मिशा हलवत होती. शेजारी माझी तयार चिठ्ठी.

मी एकटाच मोठ्याने हसलो. तुम्ही असतात तर "अळी नापास होत नाही" एवढंच म्हणाला असतात. चिठ्ठी फाडली आणि वहीत लिहिलं: 'पहिला कोश: माशी. नाव माहीत नाही.' 'माहीत नाही' हे दोन शब्द मी इतक्या वर्षांच्या नोकरीत छापायला दिल्याचं आठवत नाही. लिहायला सोपे आहेत.

दुसऱ्या कोशाजवळ मी काहीही लिहून ठेवलं नाही. परवा सकाळी चहा घेताना डब्यात वाळकं पान दिसलं. मी ते आत ठेवलेलं नव्हतं. गवताची काडी आणली. पुढचे पंख उचलले गेले. काळ्यावर नारिंगी. टोकदार तोंड तपासलं, पंखांवरचे डाग तुमच्या वहीतल्या चित्राशी ताडून पाहिले, दोनदा. मग हिरव्या चिठ्ठीवर नाव लिहिलं. 'आणणारा: हिराजी' ही ओळ तशीच उतरवली. पतंग बोनकोड्याच्या बांधावर नेऊन सोडला. तो तिवरावर बसला आणि पुन्हा पान झाला. हिराजी म्हणाले, "ग्येला. आता ह्यो अंडी घालील न माजी तिवरा परत खाईल." आणि हसले.

मग मी वही उघडून त्यांना कात्रण दाखवलं. लॅबचा एक नियम तुम्ही मला शिकवला होता: ज्याचा माल, त्याने स्वतः त्यावर हिरवी चिठ्ठी लावायची नाही. ती बातमी माझा माल आहे. म्हणून एक कोरी हिरवी चिठ्ठी हिराजींच्या हातात दिली आणि ती कशासाठी ते सांगितलं.

त्यांनी उलटसुलट करून पाहिली. "पेपरात काय लिवशील ते येऊ दे पयलं," म्हणाले. "मंग बगू." आणि ती शर्टाच्या खिशात ठेवली.

संपादकांनी विचारलं, स्मृतिलेखाला आतलं पान असतं, तुला पहिलंच का हवं? मी कात्रण पुढे ठेवलं. त्यांनी ते वाचलं आणि जागा दिली: पुरवणीचं पहिलं पान, खालचा भाग, तीन कॉलम. ड्रमचा फोटो होता तिथे आज तुमचा फोटो आहे. चार वर्षांपूर्वी तुम्ही मागितलेला मजकूर हा असा:

बोनकोड्याच्या खाडीतली तिवरं कोणीही मारली नव्हती. त्यांची पानं हायब्लिया प्युएरा या पतंगाच्या अळ्यांनी खाल्ली होती आणि महिनाभरात झाडांना नवी पानं आली. मत्स्यतळ्याचे मालक हिराजी यांनी खाडीत कोणतंही रसायन टाकलं नव्हतं. छायाचित्रातल्या ड्रममध्ये होडीला लावायचं डांबर होतं. बातमीनंतर त्यांची उघाडी बंद ठेवली गेली आणि तळ्यातले मासे मेले. ती बातमी मी लिहिली होती. मी त्यांना काही विचारलं नव्हतं. बातमी चुकीची होती.

यात 'असावीत' नाही, आपा. प्रश्नचिन्हही नाही.

बोनकोड्यात पेपर सातला पोचतो. ओहोटी नऊनंतर आहे. मी वही घेऊन बांधावर जाणार आहे. कात्रणावर पिवळी चिठ्ठी अजून तशीच आहे. हिरवी हिराजींच्या खिशात आहे.